गाडीत टकटक, गॅरेजात मात्र गप्प

मेकॅनिक शेजारी येऊन बसला की आवाज येत नाही. तुम्ही त्याला तोच स्पीडब्रेकर दाखवता, दोनदा ओलांडता, काच खाली करता, पंखा बंद करता. गाडी पहिल्या बाकावरच्या मुलासारखी शहाणी झालेली असते. "साहेब, काही नाहीये हो," म्हणत तो उतरतो. तुम्ही कोपऱ्यावर वळता आणि टक.

जुनी गाडी पहिल्यांदाच ज्यांच्या हातात आली आहे त्यांच्यासाठी हे लिहितोय. मी मेकॅनिक नाही. ठाण्यात वर्तकनगरला राहतो, नोकरी ऐरोलीत, आणि २०१० ची एक पेट्रोल हॅचबॅक रोज कळवा-विटाव्यामार्गे नेतो-आणतो. एका टकटकीपायी मी ६,४०० रुपये घालवले आणि त्यातला एकही रुपया लागायला हवा तिथे लागला नाही. त्या टकटकीची गोष्ट मध्ये मध्ये येईलच, कारण मी जे शिकलो ते तिच्याकडूनच.

आधी हे: गाडी चालवायचीच का?

काही आवाजांच्या मागे डिटेक्टिव्हगिरी करत फिरायचं नसतं. ब्रेक दाबल्यावर लोखंडावर लोखंड घासल्यासारखी खर्रखर्र, स्टिअरिंग अचानक सैल वाटणं, चाकाकडून येणारी आणि वेगाबरोबर वाढणारी ठोकर, किंवा इंजिनची टिकटिक आणि त्याच वेळी डॅशबोर्डवर तेलाच्या डब्याचा लाल दिवा. यातलं काहीही असेल तर गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा आणि मेकॅनिकला जागेवर बोलवा. नुकतंच पंक्चर काढलं असेल किंवा टायर बदलले असतील आणि त्यानंतर चाकातून कटकट येऊ लागली असेल, तर दुसरं काहीही करण्याआधी चाकाचे नट पान्याने तपासा. ढिल्या नटांवर गाडी पळवणं म्हणजे चाक रस्त्यावर सोडून देणं.

बाकीच्या आवाजांसाठी आपल्याकडे वेळ आहे.

गाडी रिकामी करा

हसू येईल, पण सुरुवात इथूनच. डिकीतली स्टेपनी, जॅक, पाना, छत्री, दाराच्या कप्प्यातली पाण्याची बाटली, डॅशबोर्डवरचा गणपती, ग्लोव्ह बॉक्समधली टोलची चिल्लर, मागच्या सीटखाली गेलेला पोराचा डबा. सगळं बाहेर काढा आणि एक फेरी मारा. जॅक त्याच्या खाचेत नीट बसवलेला नसेल तर मागच्या सस्पेन्शनचं पार वाटोळं झालंय असं वाटायला लावणारा आवाज करतो. आमच्या सोसायटीतल्या एका काकांची गाडी वळणावर ठक करायची. बोनेट उघडलं तर बॅटरीच्या मागे करवंटीचा तुकडा. उंदराने ओढून आणलेला.

पावसाळ्यात आणखी एक तपासणी करा. दार उघडझाप करताना आत डुबुक-डुबुक ऐकू येतं का? दाराच्या खालच्या कडेला पाणी जाण्यासाठी बारीक भोकं असतात. झाडाखाली लावलेल्या गाड्यांची ती पाला-मातीने बुजतात आणि दारात पाणी साठतं. काडी घालून मोकळी करा, धार लागेल. आवाज थांबेल आणि दाराचा गंजही लांबेल.

वही ठेवा

आता मुख्य काम. अधूनमधून येणारा आवाज हा खरं तर नियमाने येणारा आवाज असतो, नियम आपल्याला माहीत नसतो इतकंच. आपण सगळे "कुठून येतोय?" यापासून सुरुवात करतो. बंद डब्यात आवाज भिंतींवर आपटून फिरतो, त्यामुळे पुढच्या डाव्या चाकाचा आवाज मागून आल्यासारखा वाटणं अगदी शक्य आहे. "कधी येतो?" या प्रश्नाला मात्र कान फसत नाहीत.

म्हणून आठवडाभर नोंद ठेवा. इंजिन गार होतं की तापलेलं, वेग किती, रस्ता कसा, ब्रेक, क्लच आणि स्टिअरिंग काय करत होतं, एसी चालू होता का, पाऊस होता का, टाकीत पेट्रोल किती, गाडीत कोण कोण आणि कुठे बसलं होतं. गाडी चालवताना लिहू नका, पोहोचल्यावर लिहा. आवाज आला नाही त्या फेऱ्याही लिहा. लोक नेमक्या त्याच वगळतात आणि उत्तर बहुतेकदा तिथेच असतं.

माझ्या वहीतल्या चार ओळी जशाच्या तशा देतो:

सोम. सकाळ – गार, कळवा पूल, ४० – नाही.
सोम. संध्या. – गरम, कळवा पूल, ३० – टक टक, प्रत्येक सांध्यावर.
मंगळ. सकाळ – गार, पाऊस – नाही.
मंगळ. संध्या. – गरम, पाऊस – आहे. गल्लीतल्या तिन्ही स्पीडब्रेकरवर.

कुणीही सांगेल, गाडी तापली की आवाज येतो. मीही तेच ठरवलं. तापल्यावर रबराचे बुश, म्हणजे सस्पेन्शनच्या सांध्यांमधल्या गाद्या, मऊ पडत असतील, सस्पेन्शन वाजत असेल, असं एक छानसं शास्त्र स्वतःच रचलं आणि गॅरेजात जाऊन सांगितलं, "सस्पेन्शनच आहे, पुढचं." मेकॅनिकने शेजारी बसून फेरी मारली. आवाज नाही. तो म्हणाला, थांबू या. मी म्हणालो, नको, बदला. दोन्ही लिंक रॉड (सस्पेन्शनच्या जोडदांड्या) आणि डाव्या शॉकअपचं, म्हणजे शॉक ॲब्सॉर्बरचं, माउंटिंग बदललं. त्या संध्याकाळी कळव्याच्या पुलावर पहिल्याच सांध्याला टक.

वहीत मी एक रकाना ठेवलाच नव्हता. गाडीत कोण होतं? त्याबद्दल पुढे.

इंजिनचा की चाकांचा?

ही विभागणी पाच मिनिटांत होते आणि अर्धे संशयित सुटतात. गाडी उभी, हँडब्रेक ओढलेला, गिअर न्यूट्रल. हळूहळू रेस द्या. आवाज आला आणि रेसबरोबर वाढला, तर तो इंजिन, त्यावरचा रबरी पट्टा, सायलेन्सर यांच्या गटातला. उभ्या गाडीत काहीच आलं नाही तर मोकळ्या, सपाट रस्त्यावर जा. पहाटेचा सर्व्हिस रोड चालेल, घोडबंदरचा साडेनऊचा नव्हे. ज्या वेगाला आवाज येतो त्या वेगाला क्षणभर न्यूट्रल करा. रेस खाली आली, गाडीचा वेग तोच, तरी आवाज तसाच राहिला तर तो चाकांच्या बाजूचा: टायर, बेअरिंग, ब्रेक. इंजिन मात्र चालूच ठेवायचं. बंद केलं तर पॉवर स्टिअरिंग जड होतं आणि ब्रेकची ताकदही उतरते. उतारावर हा प्रयोग करू नका, आणि ऑटोमॅटिक गाडीत चालत्या गाडीवर न्यूट्रलचा खेळ नकोच.

क्लच दाबल्यावर आवाज सुरू होतो किंवा बंद होतो का, तेही याच वेळी बघून घ्या. दाबल्यावर घर्र सुरू झाली तर क्लचचं रिलीज बेअरिंग. उलट, न्यूट्रलला घरघर आहे आणि क्लच दाबल्यावर थांबते, तर बहुधा गिअरबॉक्समधलं बेअरिंग.

आवाजाला नीट नाव द्या

"गाडीतून आवाज येतोय" हे सांगणं म्हणजे डॉक्टरला "बरं नाहीये" सांगणं. मराठी माणसाला इथे मोठी सोय आहे. टकटक, खडखड, कुरकुर, घूंघूं, चर्र, खुळखुळ हे सगळे वेगळे आवाज आहेत आणि आपल्याला ते लहानपणापासून वेगळे ऐकू येतात. कारणंही बऱ्यापैकी वेगळीच असतात.

घूंघूं, दूर कुठेतरी मिक्सर चालल्यासारखी, वेगाबरोबर वाढणारी: व्हील बेअरिंग किंवा टायर. काँक्रीटवरून डांबरावर गेल्यावर आवाजाचा पोत स्पष्ट बदलला तर टायरकडे बघा. ट्रेडवर, म्हणजे टायरच्या नक्षीवर, हात फिरवा, उंचवटे लागले तर टायर वाकडेतिकडे झिजलेत. आवाज दोन्हीकडे तसाच असेल तर रिकाम्या रुंद रस्त्यावर सावकाश डावी-उजवीकडे घ्या. डावीकडे वळताना वजन उजव्या चाकांवर पडतं. तेव्हा घूंघूं वाढली तर उजव्या बाजूचं बेअरिंग आधी बघायचं. उजवीकडे वळताना वाढली तर डाव्या बाजूचं. बेअरिंग एका दिवसात जात नाही, पण महिनोन्‌महिने थांबतही नाही.

कटकटकट, स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू निघताना: ॲक्सलचा बाहेरचा जॉइंट. सोसायटीच्या आवारात एकदा पूर्ण डावीकडे आणि एकदा पूर्ण उजवीकडे कापून गोल फिरा. आवाज आला तर चाकामागे वाकून बघा. ॲक्सलवरचं रबरी बूट फाटलेलं दिसेल आणि रिमच्या आतल्या बाजूला काळं ग्रीस उडालेलं असेल. बूट फाटल्याचं वेळीच दिसलं तर नुसतं बूट आणि ग्रीस बदलून भागतं. कटकट सुरू झाली की जॉइंटच घालावा लागतो.

उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवताना ठुंग, तार सुटल्यासारखी: शॉकअपचं वरचं माउंटिंग. बोनेट उघडून एकाने स्टिअरिंग फिरवायचं आणि दुसऱ्याने माउंटिंगच्या टोपीवर हात ठेवायचा. झटका हाताला कळतो. स्प्रिंगमध्ये मात्र बोटं घालू नका.

सकाळी चालू केल्याबरोबर चीं, किंवा एसी लावल्यावर चीं: पट्टा. इंजिन चालू ठेवून पट्ट्याच्या खाचांवर स्प्रेच्या बाटलीने पाण्याचा हलका फवारा मारा. ओढणी, मोकळी बाही, लांब केस, काहीही जवळ नको. आवाज क्षणभर गेला आणि परत आला तर खाचा झिजल्यात किंवा पुली तिरकी आहे. आवाज उलट वाढला तर पट्टा ढिला आहे.

ब्रेकचे आवाज पावसात लोकांना उगाच घाबरवतात. रात्रभर भिजलेल्या गाडीच्या डिस्कवर सकाळी तांबूस गंज येतो. पहिल्या दोन-तीन ब्रेकला कर्र होतं आणि जातं, ते सोडून द्या. दिवसभर, रोज, बारीक शिट्टी येत असेल तर पॅड संपत आलेत. बऱ्याच पॅडना एक पत्र्याची जीभ असते आणि पॅड झिजल्यावर ती मुद्दामच डिस्कला घासून ओरडते. ऐका तिचं. आणि खोदलेल्या रस्त्यावरून आल्यावर अचानक कानठळ्या बसवणारी किंचाळी सुरू झाली तर डिस्क आणि तिच्यामागच्या पत्र्यात खडा अडकला असण्याची शक्यता मोठी. मोकळ्या जागी गाडी थोडी मागे घेऊन पुढे घ्या, अनेकदा खडा पडून जातो.

पत्र्याचा डबा वाजवल्यासारखी खरखर, ठरावीक रेसलाच: सायलेन्सरवरचं उष्णतारोधक पत्र्याचं कवच. गंज त्याचे बोल्ट खातो आणि खाडीकाठच्या आपल्या हवेत गंजाला कारण लागत नाही. गाडी पूर्ण गार असताना हाताने हलवून बघा. मेकॅनिक पट्टीची क्लिप मारून पाच मिनिटांत बंद करतो.

इंजिनची टिकटिक: आधी तेल. सपाट जागी, इंजिन बंद करून काही मिनिटांनी तेल मोजायची पट्टी (डिपस्टिक) काढा, पुसा, परत घाला, बघा. खालच्या खुणेखाली असेल तर तेल भरल्याशिवाय गाडी हलवू नका. तेल बरोबर असूनही टिकटिक असेल तर टॅपेट (इंजिनचे व्हॉल्व्ह हलवणारे भाग), ते गॅरेजचं काम. येऊरचा चढ वरच्या गिअरमध्ये रेटताना येणारी खणखण ही वेगळी चीज. ती गिअर खाली टाकल्यावर गेली तर आधी स्वतःची सवय सुधारा.

सीएनजी गाडीत डिकीतून धप्प येत असेल तर सिलिंडरचे पट्टे ढिले झालेले असू शकतात. तिथे आपला पाना चालवायचा नाही, अधिकृत सीएनजी केंद्रातच न्या. दर ३ वर्षांनी सिलिंडरची दाब-चाचणी असते, तेव्हा हेही बघून घेता येतं.

आणि पंख्यातून फर्रर्र म्हणजे पिंपळाचं पान. याला निदान लागत नाही.

बाजू पकडा

एवढ्याने संशयित दोन-तीनवर येतात. आता जागा. काचा खाली करून एखाद्या लांब कंपाउंड भिंतीलगत अगदी हळू गाडी न्या. चाकाकडचा आवाज भिंतीवरून परत येतो आणि ठळक ऐकू येतो. परत येताना दुसरी बाजू भिंतीकडे. खाडीपुलाच्या कठड्यालगत हे आपोआप घडतं, पण तिथे रेंगाळू नका, मागचे डंपर थांबत नाहीत.

फोनवर रेकॉर्डिंग जरूर करा, पण चालवणाऱ्याने नाही. मागे बसलेल्याने फोन एकदा डाव्या दाराशी, एकदा उजव्या, एकदा डिकीजवळ धरायचा आणि जागा तोंडाने बोलून ठेवायची. मेकॅनिकला दाखवायला हे फार कामी येतं. आतल्या प्लास्टिकची कुरकुर असेल तर संशयित जागेवर तळहाताने दाबून धरा. थांबली तर सापडली. तिथे फेल्टची पट्टी सरकवली की काम झालं.

उभ्या गाडीच्या इंजिनमधला आवाज शोधायला रबरी नळीचा तुकडा घ्या. एक टोक कानाशी, दुसरं इंजिनवर फिरवा, पट्टा आणि पंख्यापासून लांब. जुने मेकॅनिक लांब स्क्रूड्रायव्हरची मूठ कानामागे लावतात, पण ती नजाकत त्यांच्याकडेच राहू द्या.

चाक उचलून हलवायचं असेल तर सपाट जमीन, हँडब्रेक, बाकीच्या चाकांना विटा. वर-खाली धरून हलवल्यावर सैलपणा जाणवला तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट, डावी-उजवीकडे धरून जाणवला तर स्टिअरिंगचा रॉड एंड. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली डोकं घालायचं नाही. एक मिनिटासाठीही नाही.

एका वेळी एकच गोष्ट बदला

आता माझी टकटक. लिंक रॉड बदलून झाल्यावरच्या शनिवारी अर्धा दिवस ऑफिस होतं. परतताना कळव्याच्या पुलावर टकटक होतीच. मग जांभळी नाक्यावर थांबून २५ किलोची तांदळाची गोणी घेतली. डिकीत रद्दी होती म्हणून गोणी पुढच्या सीटवर ठेवली. गल्लीत शिरलो, पहिला स्पीडब्रेकर: काही नाही. दुसरा: काही नाही. तिसरा मुद्दाम जरा जोरात घेतला. शांतता. वाटलं, लिंक रॉडना उशिरा का होईना बुद्धी सुचली.

गोणी वर पोहोचवली आणि पेट्रोल भरायला लगेच खाली आलो. पहिला स्पीडब्रेकर, टक.

इंजिन तेवढंच तापलेलं, रस्ता तोच, वेग तोच. बदलली होती ती फक्त गोणी. तिथेच गाडी बाजूला घेऊन वही काढली. सकाळी बायको सोबत असते, ऐरोलीपर्यंत. तिचं ऑफिस लवकर सुटतं, ती ट्रेनने परतते. संध्याकाळी मी एकटा. रविवारी सगळे असतो, रविवारी आवाज नसायचाच. मेकॅनिक तर प्रत्येक फेरीला शेजारी बसायचा! इंजिनचं तापणं आणि शेजारची सीट रिकामी असणं या दोन गोष्टी रोज हातात हात घालून येत होत्या आणि मी त्यातली चुकीची धरली होती.

सीट हाताने हलवली. पुढच्या बाजूने किंचित उचलली जात होती. सीट जमिनीला ४ बोल्टांनी धरलेली असते, त्यातला एक दोन आटे सुटलेला. जुलैत विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली साचलेल्या पाण्यातून गाडी काढली होती. आत पाणी आलं म्हणून सीट काढून गालिचा वाळवून घेतला होता, परत बसवताना एक बोल्ट पूर्ण आवळायचा राहिला. बसणाऱ्याचं वजन पडलं की सीट दबून गप्प, रिकामी असली की प्रत्येक सांध्याला टक. पान्याचे दीड फेरे. सीटचा बोल्ट ही अपघातात जिवाशी येणारी गोष्ट, म्हणून नंतर गॅरेजात ठरावीक जोराने आवळणाऱ्या टॉर्क पान्याने चारही पुन्हा आवळून घेतले.

म्हणून दोन सवयी लावून घ्या. दोन गोष्टी सोबत बदलत असतील तर त्या मुद्दाम वेगळ्या करा. आवाज "तापल्यावर" येतोय असं वाटलं तर एकदा तापलेल्या गाडीत माणसं भरून आणि एकदा गार गाडी एकट्याने चालवून बघा. दुसरी सवय, आवाज सुरू होण्याआधी गाडीला शेवटचा हात कुणी, कशासाठी लावला ते आठवा. टायर, सर्व्हिसिंग, सीट धुणं, म्युझिक सिस्टीम, काहीही. मी हा प्रश्न पहिल्या दिवशी विचारला असता तर ६,४०० रुपये वाचले असते.

गॅरेजात काय बोलायचं

पार्टचं नाव घेऊ नका. तुम्ही "लिंक रॉड" म्हणालात की लिंक रॉडच बदलला जाणार आणि मग तक्रार करायला तोंड राहत नाही. असं सांगा: "तीस-चाळीसच्या वेगाला, पुलाच्या सांध्यावर, एकच टक, पुढून, एकटा असलो की. ब्रेक दाबला तरी फरक नाही." रेकॉर्डिंग ऐकवा. आवाज ज्या परिस्थितीत येतो ती तयार करूनच फेरी मारा. गार असताना येत असेल तर गाडी रात्रभर तिथे ठेवा आणि सकाळी पहिली किल्ली त्यांच्यासमोर फिरवा. एकटं असतानाच येत असेल तर मेकॅनिकला एकट्याला पाठवा.

स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) लावून देतो म्हणाले तर लावू द्या, पण त्याला टकटक ऐकू येत नाही. ढिला बोल्ट आणि झिजलेला बुश सहसा कुठलाही कोड टाकत नाहीत. पार्ट बदलण्याआधी खराब आहे हे हलवून दाखवायला सांगा, बदलल्यावर जुना मागून घ्या. हे अविश्वासाने नाही. झिजलेला बुश एकदा हातात घेऊन पाहिला की पुढच्या वेळी तो कानाला ओळखू येतो.

गाडीला १५ वर्षं होत आली असतील तर नोंदणी ५ वर्षांसाठी वाढवताना आरटीओत तपासणी होते. चाकांकडचे आणि ब्रेकचे आवाज त्याआधीच मिटवून ठेवा, ऐन वेळी गॅरेजवाले सापडत नाहीत.

दुरुस्तीनंतर लगेच खूश होऊ नका. ज्या स्थितीत आवाज यायचा त्याच स्थितीत, त्याच रस्त्यावर, किमान आठवडाभर वही चालू ठेवा. मी आठ दिवस शेजारची सीट रिकामी ठेवून कळव्याचा पूल आणि गल्लीतले तिन्ही स्पीडब्रेकर ओलांडले. बायको मागच्या सीटवर बसायची. सिग्नलला शेजारचा रिक्षावाला आधी तिच्याकडे, मग माझ्याकडे बघायचा.